झोपलेल्या कुत्र्याला इतक्या वायरी कशाला?

शिरपूरच्या बाजूला, तापीकाठच्या केळीच्या मळ्यात वाढलेला सात वर्षांचा लॅब्रॅडॉर. दिवाळीनंतर त्याला फिट यायला लागली. आधी महिन्यातून एखादी, मग दर आठवड्याला. मधल्या काळात तो डावीकडेच गोल गोल फिरायचा, भिंतीला डोकं टेकवून उभा राहायचा. कुत्र्यांमधली जन्मजात वळणाची मिरगी बहुधा सहा महिने ते सहा वर्षं या वयात सुरू होते. पहिली फिट सातव्या वर्षी येते आणि दोन फिटांच्या मधेही कुत्रा नीट वागत नाही, तेव्हा नुसत्या गोळ्या लिहून देणं मला पटत नाही. गाठ आहे का, सूज आहे का, बघावं लागतं. मी मालकांना, म्हणजे आप्पांना, मोठ्या शहरात नेऊन एमआरआय करायला सांगितलं आणि त्यांच्यासोबत गेलो.

तिथल्या तयारीच्या खोलीत कुत्र्याला भूल दिली. जिभेला चिमटा, पुढच्या पायाला बीपीचा पट्टा, छातीला ईसीजीच्या तारा, श्वासनलिकेत नळी, त्या नळीला जोडलेली आणखी एक बारीक नळी, अन्ननलिकेत तापमान मोजणारी तार. आप्पा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "डॉक्टर, झोपेल शे ना तो? मंग इतल्या वायरी कसाले?"

तिथे उभ्या उभ्या जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं, उरलेलं परतीच्या प्रवासात. आता ते लिहून काढतोय, कारण हाच प्रश्न मला जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्हीकडचे लोक विचारतात आणि तो विचारायलाच हवा असा प्रश्न आहे.

एमआरआयला भूल का लागते, हे आधी. माणसाला "पाऊण तास हलू नका" असं सांगता येतं, कुत्र्याला सांगता येत नाही. कवटीच्या मागून सुई घालून मेंदूभोवतीचं पाणी तपासायला काढायचं असेल, तर सुईचं टोक मेंदूच्या देठाजवळ असतं. तिथे कुत्र्याने मान झटकली तर अनर्थ होईल. कधी फिट थांबतच नाही आणि ती थांबवायलाच भूल द्यावी लागते.

कुत्री नसबंदीसाठी टेबलावर असते तेव्हा भूल देणारा हृदय आणि फुप्फुसं सांभाळतो. मेंदूच्या रुग्णात अडचण वेगळी आहे. जो अवयव आजारी आहे तोच हृदय, श्वास आणि तापमान चालवतो, आणि भुलीमुळे त्याची तक्रार ऐकू येईनाशी होते. जागा कुत्रा कसा चालतो, हाक मारली की वळतो का, बाहुल्या सारख्या आहेत का, यावरून मेंदूचा अंदाज येतो. भूल दिली की यातलं बहुतेक सगळं झाकलं जातं. कवटीला भोक पाडून आतला दाब थेट मोजता येतो, पण कुत्र्यांत ते क्वचितच करतात. म्हणून मेंदूची खबर शेजाऱ्यांकडून काढायची: नाडी, रक्तदाब, श्वास, तापमान. वायरी आहेत त्या एवढ्यासाठी.

आता कवटीकडे वळू. कवटी म्हणजे झाकण न उघडणारा डबा. त्यात तीनच गोष्टी असतात: मेंदू सुमारे ८० टक्के, रक्त साधारण १० टक्के आणि मेंदूभोवतीचं पाणी साधारण १० टक्के. मन्रो यांनी १७८३ मध्ये आणि केली यांनी १८२४ मध्ये, या दोन स्कॉटिश डॉक्टरांनी, मांडलेली गोष्ट अशी की डबा ताणत नाही, त्यामुळे एक वस्तू वाढली तर दुसरीला जागा सोडावी लागते. गाठ हळूहळू वाढते तेव्हा थोडं पाणी खाली मणक्याकडे सरकतं, थोडं रक्त बाहेर जातं, आणि काही महिने कोणाला कळतही नाही. मग एक वेळ अशी येते की सरकायला काही उरत नाही. त्यानंतर चमचाभर जास्त रक्त आत आलं तरी दाब झपकन चढतो. निरोगी कुत्र्याच्या कवटीतला दाब साधारण ५ ते १२ मिलिमीटर पारा इतका असतो.

इथे आप्पांना मी त्यांच्याच शेतातलं उदाहरण दिलं. ठिबकची लॅटरल, म्हणजे थेंब सोडणारी बारीक नळी, आपण उघड्या मातीवर सोडतो, म्हणून थेंब सहज पडतो. तीच लॅटरल एका बंद टाकीत सोडली आणि त्या टाकीत आधीच दाब असला, तर? पंपाचा दाब टाकीतल्या दाबापेक्षा जेवढा जास्त, तेवढंच पाणी आत ढकललं जाणार. मेंदूचं गणित अगदी हेच आहे. शरीराचा सरासरी रक्तदाब वजा कवटीतला दाब, जे उरेल त्या जोरावर मेंदूला रक्त मिळतं.

सरासरी रक्तदाब ६० असेल आणि कवटीत १० असेल, तर उरले ५०. साध्या ऑपरेशनमध्ये ६० हा आकडा आपण चालवून घेतो. गाठीमुळे कवटीत २५ झालं असेल, तर त्याच ६० मधून उरतात फक्त ३५. बीपीच्या यंत्रावर आकडा तोच, भूल देणारा निर्धास्त, आणि मेंदू उपाशी. म्हणून अशा कुत्र्यात सरासरी दाब ८० च्या आसपास किंवा थोडा वर ठेवायचा प्रयत्न करतात.

"पण डॉक्टर, पीसी ड्रीपर राहस ना," आप्पा म्हणाले. त्यांनी हे स्वतःहून काढलं याचा मला फार आनंद झाला, कारण पुढचा मुद्दा तोच होता. पीसी ड्रीपरला दाब थोडा कमी-जास्त झाला तरी थेंब सारखाच पडतो. निरोगी मेंदूच्या रक्तवाहिन्या असंच करतात. सरासरी दाब साधारण ५० ते १५० च्या मध्ये कुठेही असो, त्या आकसून किंवा फुगून रक्ताचा पुरवठा सारखा ठेवतात. आजारी, सुजलेल्या, मार लागलेल्या मेंदूत हे पीसी ड्रीपर बिघडतात. शिवाय आयसोफ्लुरेनसारखा भुलीचा वायू जास्त दिला तरी बिघडतात. मग बीपी घसरलं की मेंदूचा पुरवठा लगेच घसरतो, बीपी उसळलं की डब्यात रक्त भरतं. अशा कुत्र्याचं बीपी दर काही मिनिटांनी मोजायचं ते यासाठी. पायाचा पट्टाही मापाचा हवा. त्याची रुंदी पायाच्या घेराच्या साधारण ४० टक्के असावी. मोठा पट्टा खरा दाब कमी दाखवतो, अरुंद किंवा सैल पट्टा जास्त.

माझ्या मते सगळ्या वायरींमध्ये सर्वात मोलाची ती बारीक नळी. श्वासनलिकेतल्या नळीला जोडलेली, दर उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारी. यंत्रावर प्रत्येक श्वासाची एक सपाट माथ्याची टेकडी उमटते आणि शेजारी आकडा येतो.

मेंदूच्या रक्तवाहिन्या कार्बन डायऑक्साइडला फार हळव्या असतात. तो रक्तात वाढला की त्या फुगतात. ढोबळ हिशोब असा की त्याचा दाब १ मिलिमीटरने वाढला तर मेंदूतला रक्तप्रवाह ३ ते ४ टक्क्यांनी वाढतो. भुलीने श्वास मंदावतो, श्वास मंदावला की हा वायू साचतो. ४० वरून ६० वर जायला फार वेळ लागत नाही, आणि तेवढ्यात मेंदूतला प्रवाह ६० ते ८० टक्क्यांनी वाढू शकतो. आधीच गच्च भरलेल्या डब्यात एवढं रक्त आलं तर मेंदू सरकायला जागा शोधतो, आणि कवटीतून बाहेर जायला मोठी वाट एकच आहे: खाली, मानेकडचं भोक. मेंदूचा देठ तिथे चिमटला की श्वास थांबतो.

जिभेवरच्या चिमट्याला यातलं काहीही कळत नाही. तो ऑक्सिजन मोजतो. भुलीच्या यंत्रातून शुद्ध ऑक्सिजन चालू असतो, त्यामुळे श्वास निम्मा झाला तरी चिमटा ९८, ९९ दाखवत राहतो. जीभ गुलाबी, आकडा उत्तम, आणि आत कार्बन डायऑक्साइड चढत चाललेला. चिमटा निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. ऑक्सिजन ९० च्या खाली गेला की मेंदूच्या वाहिन्या पुन्हा फुगतात, म्हणून ९५ च्या वर ठेवावाच लागतो. पण एकट्या चिमट्यावर मेंदूचा रुग्ण झोपवू नये, हे माझं ठाम मत आहे.

मग जोरजोरात श्वास देऊन कार्बन डायऑक्साइड पार खाली आणला तर? तेही वाईट. वाहिन्या इतक्या आकसतात की मेंदूला रक्तच पुरत नाही. म्हणून यंत्राने मोजून मापून श्वास देतात आणि उच्छ्वासातला आकडा ३५ च्या आसपास ठेवतात. रक्तातला खरा आकडा यापेक्षा थोडा जास्त असतो, हेही धरून चालतात.

आता नाडी. इथे मला माझी एक जुनी गोष्ट सांगायची आहे. प्रॅक्टिसची सुरुवातीची वर्षं. हायवेवर गाडीने उडवलेला गावठी कुत्रा लोकांनी आणला. डोक्याला मार, जबडा फाटलेला. मी आपल्याकडे सगळीकडे देतात तशी झायलाझिन आणि केटामिनची भूल दिली आणि टाके घालायला बसलो. थोड्या वेळाने नाडी मंदावली. मला वाटलं, शांत झाला, वेदना थांबली. जीभ गुलाबी होती. श्वास मधेच थांबून मधेच भराभर येत होता, त्याकडे मी पुरेसं लक्ष दिलं नाही. पहाटे तो गेला.

हार्वे कुशिंग या अमेरिकन सर्जनने १९०१ साली, युरोपात असताना कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांतून, एक गोष्ट दाखवून दिली. कवटीतला दाब इतका वाढतो की मेंदूच्या देठाला रक्त मिळेनासं होतं, तेव्हा मेंदू शेवटचा जोर लावतो. अंगभरच्या रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब प्रचंड वाढवतो, म्हणजे कसंही करून रक्त आत ढकललं जावं. वाढलेला दाब मानेतल्या आणि छातीतल्या संवेदकांना जाणवतो आणि ते हृदयाला हळू चालायला लावतात. बीपी वर, नाडी खाली, श्वास वेडावाकडा: या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या तर मेंदू मदतीसाठी ओरडतोय असं समजायचं. त्या कुत्र्याची नाडी मी मोजली होती, बीपी मोजलंच नव्हतं. झायलाझिननेही नाडी मंदावते, त्यामुळे त्या रात्री औषधाचा भाग किती आणि मेंदूचा किती, हे मला कधीच कळणार नाही. बीपी मोजलं असतं तर निदान शंका तरी आली असती.

मंद नाडी दिसली की हात अॅट्रोपिनकडे, म्हणजे नाडी वाढवणाऱ्या औषधाकडे, जातो. साध्या रुग्णात ते बरोबर असतं. इथे नाडी मंद आहे ती वाढलेल्या दाबाला उत्तर म्हणून. नाडी पळवून मूळ दुखणं जात नाही, कवटीतला दाब उतरवावा लागतो. डोकं उचलायचं, कार्बन डायऑक्साइड तपासून श्वास वाढवायचा, आणि मॅनिटॉल किंवा तीव्र मिठाचं सलाईन द्यायचं. मॅनिटॉल १५-२० मिनिटांत शिरेतून देतात. ते मेंदूतलं पाणी ओढून घेतं. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत मॅनिटॉलच्या बाटलीत मिठाच्या खड्यांसारखे स्फटिक दिसतात. बाटली कोमट पाण्यात ठेवून ते विरघळवावे लागतात आणि गाळणीच्या नळीतून द्यावं लागतं. घाईच्या वेळी हे सुचत नाही, म्हणून बाटली भुलीच्या आधीच तयार ठेवावी.

सलाईनवरून आणखी एक. गावाकडे आजारी जनावर दिसलं की "डॉक्टर, एक ग्लुकोज चढवून द्या" असं प्रेमाने सांगतात. मेंदूला सूज असलेल्या कुत्र्याला नुसतं ५ टक्क्यांचं ग्लुकोजचं सलाईन देऊ नये. शरीर ग्लुकोज वापरून टाकतं आणि मागे उरतं साधं पाणी, ते सुजलेल्या मेंदूत शिरतं. रक्तातली साखर खरोखर कमी असेल तर गोष्ट वेगळी. ती मोजून ठरवायची.

मानेबद्दल तर मी प्रत्येकाला सांगतो. मेंदूतलं रक्त मानेच्या शिरांतून परत येतं. मान दाबली की नळाचं तोंड दाबल्यासारखं रक्त वर तुंबतं. म्हणून अशा कुत्र्याचं रक्त मानेतून काढत नाहीत, पायातून काढतात. टेबलावर डोकं आणि मान मिळून १५ ते ३० अंश वर ठेवतात, मान मुरगळू देत नाहीत. घरीही गळ्यातली साखळी आणि पट्टा काढून छातीचा हार्नेस घाला. खोकला, ओकारी, कुंथणं, यातही डब्यातला दाब वाढतो. म्हणून उलटी करवणारी औषधं भुलीच्या आधी टाळतात आणि श्वासनळी घालायच्या आधी कुत्रा पुरता गाढ झोपलाय ना, ते बघतात. बऱ्याच ठिकाणी त्यासाठी प्रोपोफॉल वापरतात, कारण ते मेंदूची ऑक्सिजनची गरज आणि कवटीतला दाब दोन्ही उतरवतं. त्याने श्वास थांबू शकतो, बीपी पडू शकतं. म्हणजे पुन्हा त्याच वायरींकडे डोळे.

तापमानाचं आपल्याकडे उलटसुलट होतं. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. दुपारी गाडीत बसवून आणलेला कुत्रा धापा टाकत पोचतो, अंग १०४ फॅरनहाइटवर, आणि तापलेला मेंदू ऑक्सिजन जास्त मागतो. अशा महिन्यांत पहाटे निघा. मग तोच कुत्रा एमआरआयच्या गार खोलीत तासभर निश्चल पडतो आणि थंड पडायला लागतो. फार थंड पडला तर औषधं अंगातून लवकर जात नाहीत, जागा होताना थरथरतो, आणि थरथरण्यात ऑक्सिजन खर्च होतो. पांघरूण घालून हळूहळू ऊब द्यायची. गरम पाण्याच्या बाटल्या कातडीला लावायच्या नाहीत. झोपलेल्या कुत्र्याला चटका कळत नाही.

एमआरआयच्या खोलीत आणखी एक अडचण येते. तिथे प्रचंड ताकदीचं चुंबक आहे. साधं मॉनिटर, लोखंडी सिलिंडर, साध्या तारा आत नेता येत नाहीत. त्या चुंबकासाठीच बनवलेली यंत्रं लागतात, नाहीतर लांब नळ्या भिंतीतून बाहेर काढून यंत्र बाहेर ठेवावं लागतं. ईसीजीची रेघ चुंबकामुळे वेडीवाकडी दिसते, तिच्यावर विसंबता येत नाही. भूल देणारा काचेबाहेर असतो. कुत्र्याच्या डोळ्याची पापणी, बाहुली, जबड्याची ताठरता हाताने तपासता येत नाही. अशा वेळी कार्बन डायऑक्साइडची टेकडी आणि बीपी यांचाच खरा आधार. दोन फेऱ्यांच्या मध्ये आत जाऊन बाहुल्या बघतात. एक मोठी, एक लहान झाली असेल तर काम तिथेच थांबवतात. मेंदूभोवतीचं पाणी काढायची सुई एमआरआयनंतर घालतात, तीही यासाठीच: आत दाब खूप आहे असं चित्रात दिसलं तर सुई घालायचीच नाही, कारण खालचं पाणी काढलं की मेंदू खाली ओढला जातो.

पग, बॉक्सर अशा चपट्या तोंडाच्या कुत्र्यांत हे सगळं आणखी नाजूक, कारण त्यांचा श्वासाचा रस्ताच अरुंद असतो. त्यांची नळी काढायची घाई कोणी करू नये.

एक गोष्ट वेळेच्या आधी सांगायला हवी होती, ती इथे सांगतो. वागणं बदललंय, लाळ गळतेय, गिळता येत नाही, आवाज बदललाय, उगाच चावायला येतो, असा कुत्रा असेल आणि लसीची खात्री नसेल, तर आधी रेबीजचा विचार करा. भूल, एमआरआय, सुई, हे सगळं त्यानंतर. त्याच्या तोंडात हात घालू नका. चावा किंवा लाळ लागली असेल तर जखम साबणाच्या वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुऊन लगेच सरकारी दवाखान्यात इंजेक्शनला जा.

भूल संपली म्हणजे धोका संपला असं समजू नका. ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात सुमारे ९८,००० कुत्र्यांच्या भुलीची नोंद ठेवली गेली. निरोगी कुत्र्यांत मृत्यूचं प्रमाण ०.०५ टक्के होतं, आजारी कुत्र्यांत १.३३ टक्के. एकूण मृत्यूंपैकी जवळपास निम्मे भूल बंद केल्यानंतरचे होते, आणि त्यातले बरेचसे पहिल्या तीन तासांत. म्हणजे वायरी काढून सगळे चहाला जातात तेव्हा. मेंदूच्या रुग्णाला याच वेळी फिट येऊ शकते, श्वास मंदावू शकतो.

तुम्ही जिथे कुत्रा नेणार आहात तिथे आधी विचारा: भूल देणारा माणूस भुलीपुरताच वेगळा आहे का? कार्बन डायऑक्साइड मोजायचं यंत्र आहे का? बीपी दर किती मिनिटांनी बघता? जागा होईपर्यंत जवळ कोण बसणार? यात उद्धटपणा काही नाही, चांगला डॉक्टर हे आनंदाने सांगतो. आणि फिटची गोळी भुलीच्या दिवशी सकाळीही चुकवू नका. उपाशी ठेवायचं म्हणून गोळी बंद करणारे मालक मी पाहिले आहेत आणि त्या कुत्र्यांना वाटेतच फिट आलेली पाहिली आहे. गोळी कशी द्यायची ते आदल्या दिवशी फोन करून विचारून घ्या.

आप्पांच्या कुत्र्याच्या मेंदूच्या आवरणाला गाठ निघाली. पुढचं काय करायचं ते ठरवायला त्यांनी आठवडा मागितला. त्या संध्याकाळी कुत्रा नीट शुद्धीवर येऊन पाणी प्यायल्यावर आम्ही मुंबई-आग्रा रस्त्याने निघालो. मागच्या सीटवर घडी घातलेल्या दोन टॉवेलांवर त्याचं डोकं, गळ्यात पट्टा नाही. मालेगावपासून आप्पांनी मोबाइलच्या घड्याळावर त्याचे श्वास मोजायला सुरुवात केली. दर पाव तासाने एक मिनिट, आणि आकडा खताच्या पावतीच्या मागे: २२, २४, २२, २०. धुळे सोडल्यावर मी म्हटलं, आता थोडं झोपा. त्यांनी पावती माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "आते तुम्ही मोजा."